कंपाउंडवरचे दीड हजार

“अगं, मावशींनी माझं काम सोडलं! खात्यात दीड हजार फुकट पडायला लागल्यावर कोण कशाला पोळ्या लाटेल?”

काकूंनी हे भिंतीपलीकडून सांगितलं, तेव्हा मावशी माझ्या स्वयंपाकघरात पोळ्याच लाटत होत्या. मी काही बोलले नाही. सहकारनगरातल्या आमच्या गल्लीत कंपाउंडच्या भिंती छातीएवढ्याच. बोललेलं सगळ्यांना लगेच ऐकू जातं, आणि न बोललेलं दुपारपर्यंत कळतं.

तक्रार काही एकट्या काकूंची नाही. लग्नाच्या पंगतीत, भाजीच्या गाडीवर, बँकेच्या रांगेत गेलं वर्ष-दीड वर्ष हेच चाललंय. बायकांच्या खात्यात महिन्याला दीड हजार टाकणारी सरकारची ‘लाडकी बहीण’ योजना आली आणि बाई मिळेनाशी झाली. गावाकडचे नातेवाईक म्हणतात, खुरपायला बाई मिळत नाही. योजना सुरू झाली तीही आपल्याच पुण्यात. १७ ऑगस्ट २०२४ ला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मोठा समारंभ झाला, जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० रुपये बायकांच्या खात्यांत गेले आणि दोन दिवसांनी राखीपौर्णिमा आली. त्या आठवड्यात तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. ‘म्हणे’ कसलं, काकूच सांगत होत्या. त्या स्वतः तिथे होत्या.

एवढ्यात पलीकडच्या बंगल्यातले नाना पेपर हातात घेऊन आले. भिंतीशी दोन माणसं उभी दिसली की नानांना तिसरं व्हावंच लागतं.

“वहिनी, साधा हिशोब आहे. माणसाला न राबता पैसे मिळाले की तो राबायचं सोडतो. मनुष्यस्वभाव! सरकारनं पहिल्या वर्षाच्या बजेटात ४६,००० कोटी ठेवले यासाठी. निवडणूक झाली आणि पुढच्या वर्षी ३६,००० कोटींवर आणले. एकवीसशे देऊ म्हणाले होते, त्याचं तर नावच नको.”

“आणि हे पैसे कुणाचे?” काकू म्हणाल्या. काकू राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे पैसे कुणाचे हा प्रश्न त्यांना पडतोच. तो रास्तही आहे. सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याची तक्रार २०२५ मध्ये त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे केली होती. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढायचं असेल तर निदान सांगून तरी वाढा.

पण नानांचा मनुष्यस्वभावाचा सिद्धान्त मला पटला नाही, कारण मनुष्य माझ्या स्वयंपाकघरात होता. काकू आत गेल्यावर मी मावशींना सरळच विचारलं.

“ताई, पंधराशेत कोण घरी बसतंय?” लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या. “दिवसाचे पन्नास रुपये झाले. खोलीचं भाडं साडेचार हजार, लाईट वेगळी. काकूंकडे चार वर्षं बाराशेच. सुट्टीला लेक-जावई आले की पोळ्या डबल, पैसे तेच. बोलायची सोय न्हाई, कारण बाराशे गेले तर भिशीचा हप्ता कुठून भरायचा? ते पंधराशे यायला लागले तेव्हा म्हटलं, आता सोडते. दोन महिने त्या येळेला कुणाचंच काम धरलं न्हाई. पोरीचं दहावीचं होतं. मग पलीकडच्या नव्या टॉवरमध्ये बावीसशेचं घर मिळालं.”

म्हणजे आधी पाच घरं होती आणि आजही पाचच आहेत. फक्त पाचवं घर बदललं.

नाना याला आळस म्हणतात. काकू ज्या बँकेत होत्या तिथल्या अधिकाऱ्यानं दुसऱ्या बँकेचं पत्र हातात आल्यावर राजीनामा दिला असता, तर काकूंनीच त्याला पेढा दिला असता. दीड हजारांनी मावशींचं काम सुटलं नाही. नकार द्यायची ऐपत मात्र आली. दोन महिने थांबून चांगला दर शोधायची चैन आपल्याकडे पगारदार माणसं शिल्लक रजेवर करतात. मावशींना ती सरकारी पैशावर करता आली. काकूंना बाई मिळत नाही हे खरंच आहे, पण त्यांना मिळत नाही ती बाराशेतली बाई.

दुसऱ्या दिवशी मी हे काकूंना सांगितलं. दर वगळून, अर्थात. त्याऐवजी अभिजित बॅनर्जींना मध्ये घातलं. २०१९ चे नोबेलवाले. काकूंना ते माहीत होते, कारण बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, आणि मराठी आई असलेल्या नोबेल विजेत्याचं काकू बारकाईनं वाचतात. बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, होंडुरास, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा सहा देशांतल्या सात सरकारी रोख-मदत योजना तपासल्या होत्या. पैसे मिळायला लागले म्हणून बायकांनी किंवा पुरुषांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा त्यांना कुठेच सापडला नाही.

“ते मेक्सिकोचं झालं,” काकू म्हणाल्या.

“मग मध्य प्रदेशचं घ्या. तिथे रोजगार हमीची मजुरी घरच्या खात्यात न टाकता बाईच्या स्वतःच्या खात्यात टाकून पाहिली आणि खातं कसं वापरायचं हेही शिकवलं. त्या बायका घराबाहेर जास्त कामाला जायला लागल्या.”

“जास्त?”

“जास्त.”

काकूंनी कढीलिंबाची डहाळी तोडली आणि तो विषय तिथेच सोडला. पुण्यात वादाचा असा शेवट झाला तर तो विजय समजायचा असतो.

नाना इतक्यात सोडणारे नव्हते. त्यांनी फिनलंड काढलं. बेकारभत्त्यावर माणसं आयतोबा होतात, युरोपात बघा, वगैरे. मी म्हटलं, फिनलंडनंच तर २०१७-१८ मध्ये २,००० बेकार माणसांना महिना ५६० युरो देऊन पाहिले, आणि नोकरी लागली तरी ते बंद केले नाहीत. त्यांचं काम घटलं नाही, उलट किंचित वाढलं. काम लागलं की मदत बंद अशी अट असेल, तरच माणूस काम लपवतो किंवा टाळतो. यावर नाना म्हणाले, “फिनलंडची लोकसंख्या किती?” हा प्रश्न पुण्यात कुठल्याही परदेशी उदाहरणाला लागू पडतो.

पण लपवण्याचा मुद्दा निघाला, तो खरा महत्त्वाचा. योजनेनं बायका घरी बसल्या नाहीत. कुटुंबं मात्र कागदावर हलली. अट आहे वर्षाला अडीच लाखांच्या आत उत्पन्न. म्हणजे महिना एकवीस हजारांच्याही खाली. पुण्यात नवरा बारा तासांच्या पाळीत सिक्युरिटीवर आणि बायको चार घरी पोळ्या लाटत असेल तर ही रेघ ओलांडली जाते. पण पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नव्हता. मग जो तो आपलं केशरी कार्ड जपू लागला. मुलाला नोकरी लागली तरी त्याचा पगार कार्डाला कळू द्यायचा नाही. एका घरातून एक विवाहित आणि एक अविवाहित अशा दोघींनाच लाभ. मग सासू आणि सून एकाच कार्डावर कशा राहणार? चूल तीच, गॅस तोच, कार्डं दोन. घरात चारचाकी असली तर लाभ नाही, ट्रॅक्टर चालतो. आमच्या माहितीतल्या एका घरची गाडी रातोरात मेव्हण्याच्या नावावर गेली. उभी मात्र त्याच दारात.

ती शोधायची कुणी? अंगणवाडी सेविकेनं! २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात कुणाकडे गाडी आहे हे घरोघर जाऊन बघायचं काम त्यांच्या गळ्यात आलं. फॉर्म भरून घेतले त्याच बाईनं, एका फॉर्मचे पन्नास रुपये देऊ असं सांगून, आणि आता त्याच वस्तीत त्याच बायकांची नावं कापायला तीच. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहायचं, सकाळी त्यांचीच पोरं सांभाळायची आणि संध्याकाळी त्यांच्या दारातल्या गाडीचा नंबर लिहायचा. यापेक्षा तुमची पोळीवाली बरी, असं मला एक सेविका म्हणाली.

पुढे तपासणीत सव्वीस लाखांहून जास्त अपात्र निघाल्याचं सरकारनंच सांगितलं. त्यात हजारो पुरुष होते. लाडक्या बहिणीत भाऊ घुसले म्हणून नाना आठवडाभर हसत होते, आणि हसण्यासारखंच होतं ते.

हसण्यासारखं नव्हतं ते पुढचं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आलं. लग्न झालेलं असेल तर नवऱ्याचा आधार नंबर, नसेल तर वडिलांचा. मावशींच्या जावेचा नवरा सात वर्षांपूर्वी निघून गेला, तो जिवंत आहे की नाही तेही कळायला मार्ग नाही. त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी तिनं कुठून आणायचा? विधवांना आणि घटस्फोटितांना कागद दाखवून मार्ग काढून दिला. टाकून दिलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला ना कोर्टाचा. जिला नवरा नाही म्हणून पैशांची गरज, तिलाच नवरा आणून दाखव म्हणायचं.

मावशींच्या घरीही बदल झाले, ते कुठल्या अहवालात येणार नाहीत. पहिले तीन हजार आले तेव्हा नवऱ्यानं कौतुक केलं. तिसऱ्या महिन्यापासून त्यानं गॅसचे पैसे देणं बंद केलं. “तुझं आता सरकार भरतंय ना.” चार महिने भांडण. मग मावशींनी मधला मार्ग काढला. हप्ता आला की त्यातले पाचशे पोरीच्या नावानं पोस्टात, आणि नवऱ्याला सांगायचं की बँकेनं कापले. सुरुवातीला खरंच काही बायकांचे मिनिमम बॅलन्सच्या दंडात कापले गेले होते आणि बोंबाबोंब झाली होती, त्यामुळे थाप पचली. घरात बाईच्या नावानं पैसा आला की तो नवऱ्याच्या खिशातून वजा होतो, हे अर्थशास्त्र मला पुस्तकातून कळलं नसतं. आणि तरी मावशी म्हणतात, वजा झाला तर झाला, पण मागावा तर लागत नाही.

एसटीच्या अर्ध्या तिकिटाचीही हीच तऱ्हा. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं झालं आणि गावाकडच्या तलाठ्याचं, कोर्टाचं, बियाण्याचं काम करायला नवऱ्यांऐवजी बायका जाऊ लागल्या, कारण “तुला निम्म्यात पडतं.” मावशी म्हणतात, सवलत मला आणि आराम त्याला. पण त्यामुळे त्या वर्षातून दोनदा माहेरी जातात, ज्या पूर्वी फक्त मयतीला जायच्या.

आता नाना. लपवण्याचा मुद्दा निघाला त्या दिवशी ते पेटले होते. “वहिनी, फुकट खाण्याची सवय लागली की खोटे कागद येणारच. आमच्या पिढीनं सरकारकडून एक पैसा फुकट घेतला नाही.”

मी नुसतं विचारलं, “नाना, पीटी-३ भरलात ना वेळेवर?”

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते. स्वतःच्या घरात स्वतः राहणाऱ्यांना पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सूट देते. १९७० पासूनची सूट. मध्यंतरी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि ती बंद झाली, तर पुणेकरांनी आभाळ डोक्यावर घेतलं. सगळ्या पक्षांचे पुढारी एका सुरात बोलले, जे या गावात सहसा होत नाही. २०२३ मध्ये सूट परत मिळाली, अट एवढीच की पीटी-३ नावाचा फॉर्म भरून आपण स्वतःच राहतो याचा पुरावा द्यायचा. त्या पावसाळ्यात क्षेत्रीय कार्यालयांत लागलेल्या रांगा मी पाहिल्या आहेत. मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक, लाईटबिल. वरच्या मजल्यावर बीईचे तीन विद्यार्थी भाड्यानं ठेवलेली घरं आमच्या गल्लीत किमान चार. त्यातली किती ‘स्वतः राहतो’ म्हणून त्या रांगेत उभी होती, ते मी लिहिणार नाही. इथेच राहायचंय मला.

नाना म्हणाले, “ती सूट आहे. पैसे देणं वेगळं.”

आपण भरायचे ते पैसे महापालिकेनं घेतले नाहीत तर ती सूट, आणि सरकारनं दिले तर ते फुकट. या दोन्हींत पाच पैशांचा फरक मला तरी दिसत नाही. आपला कागद सरळ करून घेणं हा व्यवहार आणि पर्वतीच्या जनता वसाहतीतल्या बाईनं कार्ड वेगळं केलं की ती फसवणूक, असं कसं? दोन्ही फसवणूक म्हणा, किंवा दोन्हीला संसार म्हणा. नानांना रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत २०२० मध्ये गेल्याचं दुःख अजून आहे, हेही इथेच नोंदवून ठेवते.

तरी नानांच्या बोलण्यात एक गोष्ट होती, ती मला आवडली. ती त्यांनी वादात नाही, वाद संपल्यावर सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात नाना चोवीस वर्षांचे, दौंड-इंदापूर भागातल्या दुष्काळी कामावर ओव्हरसीअर. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, संध्याकाळी मस्टरवर अंगठे. सुकडी वाटायची. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात १९६५ मध्ये करून पाहिलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. देशाची रोजगार हमी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली, २००५ मध्ये. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायला १९७५ मध्ये सुरुवात झाली ती त्याच्याच खर्चासाठी. काकूंच्या पगारातून जन्मभर कापला गेलेला तो हाच कर, आणि हे काकूंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“वहिनी, तिथे दाखला लागत नव्हता,” नाना म्हणाले. “उन्हात दिवसभर खडी फोडायला कुठला सावकार येणार? जो आला तो गरजूच. ना रेशनकार्ड तपासायचं, ना गाडी. खोटी नावं होती मस्टरवर, नाही असं नाही. पण ती आमच्या खात्यातल्या लोकांनी घुसवलेली. गरिबांनी नव्हे.”

हे बोलणं मला मोलाचं वाटलं. गरीब कोण हे तेव्हा कामावरूनच ठरायचं. आता ते कागदावर ठरतं, आणि कागद वाकवता येतो. दीड हजारांची योजना फसते ती इथे, बायकांच्या आळसापाशी नव्हे. पण नानांची ती परीक्षा बायकांच्या पाठीवर घेतली जायची, हेही खरं. मावशींची सासू त्याच दुष्काळात इंदापूर तालुक्यात कडेवर पोर घेऊन खडी फोडत होती आणि मग कुटुंबासकट पुण्याला आली. अशी हजारो कुटुंबं त्या साली इथे आली. कुणी कचरा वेचू लागलं, कुणी धुणीभांडी. पागेंची योजना खेड्यांची होती. शहरात आलेल्या या बायकांना कुणी कामाची हमी दिली नाही. आठच वर्षांत, १९८० मध्ये, पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढीसाठी आणि रजेसाठी संप केला तेव्हा या गावात आजच्यासारखीच ओरड झाली होती, की बायका माजल्या. तेव्हा तर लाडकी बहीण नव्हती.

ती सासू आता ऐंशीला टेकली आहे. तिला निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळतात. वर्षाला २१,००० च्या आत उत्पन्न ही त्याची अट. म्हणजे मुलगा सांभाळतो असं दिसलं की संपलं. म्हणून मुलगा सांभाळत असूनही ती कागदावर निराधारच राहणार. सरकारला अशी मुलं आवडत नाहीत आणि समाजाला त्याच मुलांचं कौतुक.

परवा काकूंनी भिंतीपाशी बोलावून नवा बेत सांगितला. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून पोळ्यांचा एकच दर ठरवायचा, म्हणजे बायकांना घर सोडून जायला जागाच राहणार नाही. नानांनी लगेच दुजोरा दिला. मी विचार करते म्हणाले.

विचार कसला, माझं आधीच झालंय. मावशींचा दर मी दिवाळीपासून चारशेनं वाढवलाय, महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी. एवढं मात्र काकूंच्या कानावर जाऊ देऊ नका.